विश्लेषण : शंभर पानं, सहा खून आणि एक टोपणनाव... कूट शब्दकोड्यांचे जनक 'टॉर्केमाडा' कोण होते?

नोव्हेंबर २०२१ मध्ये टिकटॉकवर एक व्हिडीओ तुफान गाजला. एका अमेरिकन तरुणीने एका पुस्तकाची शंभर पानं सुटी करून खोलीतल्या भिंतीवर चिकटवली होती आणि ती त्यांचा क्रम लावत बसली होती. काही दिवसांतच त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती संपल्या आणि प्रकाशकाला घाईघाईने पुन्हा छपाई करावी लागली. पुस्तकाचं नाव 'केन्स जॉबोन'. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९३४ मध्ये. लेखकाला जाऊन तेव्हा ८२ वर्षं झाली होती.

या लेखकाचं नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स. ब्रिटनमधले वाचक मात्र त्यांना 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने ओळखत. आज आपल्या इंग्रजी दैनिकांतही जे क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे कूट शब्दकोडं छापलं जातं, त्याची वाट ज्यांनी पाडली त्यांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. हे मॅथर्स होते कोण, त्यांच्या कोड्यांत वेगळं काय होतं आणि त्यांच्यानंतर याच खेळाला नियम का घालावे लागले, ते पाहू.

कूट शब्दकोडं म्हणजे काय?

मराठी वर्तमानपत्रांत आपण जे शब्दकोडं सोडवतो, त्यात शब्दाचा अर्थ सरळ दिलेला असतो. 'कडू भाजी' असं लिहिलं असेल आणि तीन घरं असतील, तर आपण 'कारले' लिहून मोकळे होतो. कूट शब्दकोड्यात मात्र क्लूचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ असतो. दुसऱ्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून पुन्हा मिळतं. हे दोन भाग जोडून असं वाक्य बनवलेलं असतं की वाचणाऱ्याचं लक्ष भलतीकडेच जावं.

मराठीत करून पाहू. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं.

सरकार लेखी कळवतं, पण पोटात कडू भाजी (३)

वाचल्यावर डोळ्यांसमोर मंत्रालय येतं, कागद येतो. ते चित्र बाजूला ठेवा. 'पोटात' हा इशारा आहे. आधीच्या शब्दांच्या पोटात काहीतरी दडलंय, असं तो सांगतो. 'सरकार लेखी' ही अक्षरं सलग वाचा : स-र-का-र-ले-खी. मधली तीन अक्षरं 'कारले'. आणि क्लूच्या शेवटी अर्थ दिलेलाच आहे, कडू भाजी. दोन्ही वाटा एकाच उत्तरावर पोहोचल्या की उत्तर बरोबर, त्यासाठी उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी काही प्रकार असे :

कलम मोडलं की मिळेल तळ्यातलं फूल (३)

इथे 'मोडलं' हा इशारा. कलमाची अक्षरं मोडून पुन्हा रचली की 'कमल'. वाचताना मात्र कायद्याचं कलम डोक्यात येतं.

नदी उलटी वाहिली की गरीब (२)

'नदी' उलटी वाचली की 'दीन'.

पुस्तकात उलटायचं, टपरीवर चघळायचं (२)

इथे दोन वेगवेगळे अर्थ आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच, 'पान'. श्लेष अलंकार शाळेत शिकलेल्याला हा प्रकार नवा वाटणार नाही.

शब्दकोडी सुरू कुठे झाली?

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या संपादकाने हिऱ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. क्लू अगदी सरळ होते. पुढच्या दशकात अमेरिकेत त्याची साथच पसरली. १९२४ मध्ये 'संडे एक्स्प्रेस'ने ते ब्रिटनमध्ये आणलं, १९२५ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने सुरू केलं आणि १९३० मध्ये 'द टाइम्स'नेही शेवटी जागा दिली.

ब्रिटनमध्ये हा खेळ आला तेव्हाच त्याचं रूप बदलायला लागलं. केवळ समानार्थी शब्द शोधण्यात तिथल्या काही वाचकांना मजा वाटेना. श्लेष, अक्षरांची उलथापालथ, कवितांचे संदर्भ असं सगळं त्यांना हवं होतं. ही हौस पूर्ण करायला जे पुढे आले, त्यांत मॅथर्स आघाडीवर होते.

मॅथर्स यांचा मूळ व्यवसाय काय होता?

मॅथर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनमधल्या फॉरेस्ट हिल भागात झाला. वडील वृत्तपत्राच्या धंद्यात होते. शिक्षण लोरेटो शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात झालं. ते कवी आणि अनुवादक होते आणि त्यांचा ओढा पूर्वेकडच्या प्रेमकवितांकडे होता. १९१८ मध्ये आशियातल्या प्रेमकवितांच्या इंग्रजी रूपांतरांचा त्यांचा संग्रह आला. १९२३ मध्ये त्यांनी 'अरेबियन नाइट्स'चं भाषांतर प्रसिद्ध केलं. ते मूळ अरबीवरून नव्हतं, मार्द्रूस यांच्या फ्रेंच आवृत्तीवरून केलेलं होतं. ते आजही छापलं जातं.

त्यांच्या एका पुस्तकाचं मूळ थेट भारतात आहे. १९१९ मध्ये आलेलं 'ब्लॅक मॅरीगोल्ड्स' हे काव्य म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मिरी कवी बिल्हणाच्या 'चौरपंचाशिका' या संस्कृत काव्याचं मोकळं रूपांतर. राजकन्येच्या प्रेमात पडलेल्या आणि त्यासाठी मृत्युदंड झालेल्या कवीने मरणाच्या दारात तिच्या आठवणी पन्नास श्लोकांत सांगितल्या, अशी त्यामागची दंतकथा. बिल्हण पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी होता आणि त्याची कथा मराठीतही आली. सतराव्या शतकातले कवी विठ्ठल बीडकर यांनी 'बिल्हणचरित्र' लिहिलं आहे. मॅथर्स यांच्या रूपांतराला वेगळीच प्रसिद्धी मिळाली ती १९४५ मध्ये. जॉन स्टाइनबेक यांनी आपल्या 'कॅनरी रो' कादंबरीत ते वापरलं.

कोडी आणि कविता यांचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. अनुवादकाला प्रत्येक शब्द हातात घेऊन फिरवून पाहावा लागतो. त्याचा पहिला अर्थ, दुसरा अर्थ, आवाज, यमक. कोडं रचणाराही हेच करतो. मॅथर्स यांचा १९२५ मध्ये आलेला शब्दकोड्यांचा पहिला संग्रह तर यमकात बांधलेल्या क्लूंचाच होता.

टॉर्केमाडा हे नाव का घेतलं?

१९२६ मध्ये मॅथर्स यांनी लंडनच्या 'द ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वृत्तपत्रासाठी कोडी रचायला सुरुवात केली. टोपणनाव घेतलं पंधराव्या शतकातल्या तोमास दे टॉर्केमाडा याचं. हा स्पेनमधल्या इन्क्विझिशनचा पहिला प्रमुख. धर्मद्रोहाच्या संशयावरून लोकांचा छळ करून कबुलीजबाब घेणारी ही संस्था. १५६० पासून गोव्यात पोर्तुगिजांनी चालवलेल्या इन्क्विझिशनमुळे हा शब्द आपल्याकडेही ओळखीचा आहे. वाचकांचा छळ करणारा कोडेकार, असा नावातला विनोद होता.

नाव त्यांनी सार्थही केलं. त्यांनी कोड्यातले काळे चौकोन काढून टाकले आणि शब्दांच्या मध्ये जाड रेघा मारल्या. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त शब्द बसू लागले. त्याहून मोठा बदल क्लूंमध्ये होता. सरळ अर्थाचे क्लू जवळजवळ हद्दपार झाले आणि सगळं कोडंच कूट झालं. कधी सगळे क्लू पद्यात असत, कधी संपूर्ण कोडं एखाद्या गोष्टीभोवती गुंफलेलं असे.

या कामात पत्नी रोझमंड यांचा मोठा वाटा होता. मॅथर्स आधी हव्या त्या शब्दांची यादी करत. ते शब्द एकमेकांना छेदतील अशी चौकट रोझमंड तयार करत. मग मॅथर्स क्लू लिहायला बसत. चौकट बांधणं हे किचकट काम आहे. आज त्यासाठी सॉफ्टवेअर आहे, तेव्हा पेन्सिल आणि खोडरबर होतं. छापून येई ते मात्र एकच नाव. १९३९ पर्यंत अशी ६७० कोडी 'ऑब्झर्व्हर'मध्ये आली. शिवाय १९३४ पासून ते याच टोपणनावाने रहस्यकथांची परीक्षणंही लिहीत.

'केन्स जॉबोन' आहे तरी काय?

१९३४ मध्ये 'द टॉर्केमाडा पझल बुक' नावाचं पुस्तक आलं. त्यात शब्दकोडी आणि इतर शब्दखेळ होते आणि शेवटी शंभर पानांची एक रहस्यकथा होती, 'केन्स जॉबोन'. म्हणजे केनच्या जबड्याचं हाड. बायबलमधल्या केनने आपल्या भावाचा जगातला पहिला खून केला आणि तो जबड्याच्या हाडाने केला, अशी जुनी समजूत. तिचा उल्लेख शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्येही आहे.

कथेची पानं मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापली होती. वाचकाने क्रम लावायचा आणि सहा खून कोणी कोणाचे केले ते सांगायचं. बक्षीस १५ पौंडांचं. प्रत्येक पान नव्या वाक्याने सुरू होतं आणि पूर्णविरामाने संपतं. त्यामुळे अर्ध्या तुटलेल्या वाक्यावरून पुढचं पान ओळखायची सोय नाही. पानोपानी श्लेष, साहित्यिक संदर्भ आणि चकवे आहेत.

शंभर पानं किती वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतील? १ ते १०० पर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार करा. उत्तर १५८ आकडी येतं. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्यासुद्धा याच्या जवळपास पोहोचत नाही, ती साधारण ८० आकडी आहे. म्हणजे एकेक क्रम तपासत बसणं कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेर. इथे वाचूनच सुटका. कोणत्या पानावर कोण बोलतंय, कोणता ऋतू आहे, कोणतं नाव दोन जागी वेगळ्या अर्थाने आलंय, हे जुळवत जावं लागतं.

१९३५ मध्ये अचूक उत्तर पाठवणाऱ्या दोनच जणांची नावं जाहीर झाली. त्यानंतर पुस्तक विस्मरणात गेलं. मॅथर्स यांचं ३ फेब्रुवारी १९३९ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी निधन झालं. १९४२ मध्ये त्यांच्या निवडक ११२ कोड्यांचं पुस्तक निघालं आणि पतीच्या कामाची पद्धत रोझमंड यांनी त्यात सांगितली.

मग नियम का घालावे लागले?

मॅथर्स यांच्यानंतर 'ऑब्झर्व्हर'चं कोडं डेरिक मॅकनट यांच्याकडे आलं. ते 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. नावात हॉस्पिटल असलं तरी ती शाळाच. त्यांनीही स्पेनच्या आणखी एका इन्क्विझिटरचं नाव घेतलं, 'झिमेनीज'. मॅथर्स यांच्याबद्दल मॅकनट यांना आदर होता, पण त्यांना एक अडचण दिसत होती.

ती अडचण आपल्याच उदाहरणावरून समजून घेऊ. आधीचा क्लू असा दिला असता तर?

सरकार लेखी कळवतं (३)

यातही 'कारले' दडलेलं आहेच. पण काही दडलंय हे सांगणारा इशारा नाही आणि उत्तराचा अर्थही नाही. रचणारा म्हणू शकतो की उत्तर समोरच होतं. सोडवणारा मात्र आयुष्यभर बसला तरी त्याला खात्री होणार नाही. इथे सोडवणाऱ्याची बुद्धी कमी पडलेली नाही, त्याला पुरेसं दिलेलंच नाही.

टॉर्केमाडा यांच्या कोड्यांत अशा मोकळ्या उड्या असत. अर्थ सैल, इशारा अर्धवट आणि एखाद्या कवितेचा संदर्भ लागला तरच सुटेल असा क्लू. ज्यांचं वाचन मॅथर्स यांच्यासारखंच होतं, त्यांना मजा येई. बाकीच्यांच्या हाती रिकामी घरं उरत. हा केवळ कोडेकारांचा अंतर्गत वाद नव्हता. हा खेळ ठरावीक शिक्षण घेतलेल्या मूठभरांचाच राहणार, की पद्धत शिकून घेणाऱ्या कोणालाही खेळता येणार, हे त्यावर ठरणार होतं.

ए. एफ. रिची या कोडेकाराने 'ॲफ्रिट' या टोपणनावाने १९४९ मध्ये काढलेल्या पुस्तकात याचं सूत्र मांडलं. कोडेकाराने वाचकाला चकवावं, पण शब्दांशी खोटं बोलू नये. वाक्याचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी अक्षरशः वाचल्यावर त्यातून उत्तर निघालंच पाहिजे. मॅकनट यांनी १९६६ मध्ये शब्दकोड्याच्या कलेवर पुस्तक लिहून ही शिस्त पक्की केली. क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, प्रामाणिक शब्दखेळ हवा आणि त्याशिवाय फालतू काही नको. अनेक कोडेकार आजही ही चौकट पाळतात. काही जण ती थोडी सैल करतात, पण तिला सोडून जात नाहीत.

१९७१ मध्ये मॅकनट गेले. १९७२ पासून ही जागा 'अझेड' या नावाने जोनाथन क्राउदर यांनी सांभाळली. हे नावही एक क्लूच आहे. देझा नावाचा आणखी एक स्पॅनिश इन्क्विझिटर होता. त्याची इंग्रजी अक्षरं डी-ई-झेड-ए. उलटी वाचली की ए-झेड-ई-डी, म्हणजे अझेड. त्यातच इंग्रजीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षरही सुरुवातीला येतं.

'केन्स जॉबोन' पुन्हा कसं उजेडात आलं?

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये शँडी हॉल नावाचं घर आहे. अठराव्या शतकातले लेखक लॉरेन्स स्टर्न तिथे राहत आणि आज तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. या संग्रहालयाकडे 'टॉर्केमाडा पझल बुक'ची एक प्रत आली. उत्तर मात्र पुस्तकात नव्हतंच. संग्रहालयाने शोध घेऊन ते मिळवलं आणि २०१९ मध्ये 'अनबाउंड' या प्रकाशनाच्या मदतीने शंभर सुट्या कार्डांच्या रूपात कोडं पुन्हा बाजारात आणलं. या वेळी बक्षीस होतं १००० पौंड.

ते जिंकलं जॉन फिनेमोर यांनी. ते बीबीसी रेडिओसाठी विनोदी मालिका लिहितात आणि स्वतःही शब्दकोडी रचतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुमारे चार महिने त्यांनी या कोड्यावर काढले. पुढच्याच वर्षी टिकटॉकवरचा तो व्हिडीओ आला आणि मॅथर्स यांचं पुस्तक त्यांच्या हयातीत कधी नव्हतं इतक्या हातांत पोहोचलं. २०२४ मध्ये फिनेमोर यांनी त्याच धर्तीवर स्वतःचं शंभर पानांचं नवं कोडं प्रसिद्ध केलं.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बक्षीस मिळालं, गवगवा झाला, तरी अचूक उत्तर प्रकाशकाने पुस्तकात छापलं नाही. सिनेमा प्रदर्शित झाल्याच्या तासाभरात शेवट फोनवर येऊन पडतो अशा काळात हे गुपित जपलं गेलं, कारण ज्यांनी चार महिने घातले त्यांना दुसऱ्याचे चार महिने वाया घालवायचे नव्हते.

टॉर्केमाडा यांचं आज काय उरलं?

त्यांच्या ६७० कोड्यांपैकी बहुतेक आज कोणी सोडवत नाही. त्यातले संदर्भ त्या काळातल्या वाचनाचे होते, ते वाचन संपलं आणि कोडी बंद पडली. क्लूमधलं प्रत्येक वाक्य चकवा असू शकतं ही त्यांची कल्पना मात्र टिकली. ती टिकली ती त्यांच्यानंतर आलेल्यांनी तिला न्यायाची जोड दिली म्हणून. 'केन्स जॉबोन'ही टिकलं, कारण ते कितीही अवघड असलं तरी सुटतं. दोघांनी ते १९३५ मध्ये सोडवलं होतं, हे माहीत असल्यामुळेच २०२० मध्ये कोणीतरी चार महिने द्यायला तयार झालं.

सुरुवात कशी करायची?

पहिलं, वाक्य वाचून डोळ्यांसमोर आलेलं चित्र पुसून टाका. दुसरं, अर्थ बहुतेक वेळा क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असतो, मधे नसतो. तिथून शोधा. तिसरं, मोडणं, उलटणं, लपणं, पोटात असणं, असे इशारे देणारे शब्द हेरा. चौथं, उत्तर सुचलं तरी थांबा. अक्षरांचा खेळ आणि अर्थ, दोन्ही जुळले तरच घरं भरा. सुरुवातीला अडलं तर उत्तर पाहायला हरकत नाही, मात्र उत्तरापासून क्लूकडे उलटं चालत जाऊन ते कसं आलं हे समजून घ्या. पद्धत तशीच हाताला बसते.

जाता जाता तुमच्यासाठी एक :

मामा वळतो तिथे लपलाय पुणे जिल्ह्यातला मुलूख (३)

उत्तर खाली दिलेलं नाही. लागतं ते सगळं क्लूमध्येच आहे.